तेल लावणाऱ्या मावशींना

मावशी, सप्रेम नमस्कार.

बडोद्याच्या दांडिया बझारातल्या आमच्या घरी तुम्ही बाळाला न्हाऊ घालायला आणि मला तेल लावायला येत होतात. ठरलेले पैसे आणि साडी आईने दिली. पण हे त्यात बसत नाही, म्हणून लिहितेय.

बघायला येणारे बाळाला बघत. वजन किती, नाक कुणावर गेलंय. मला डिंकाचे लाडू आणि शेजारच्या गुजराती बांचं काटलू, बाळंतिणीला देतात ती वडी! मायाच होती ती, तक्रार नाही. पण बाळ आजीजवळ गाढ झोपलेलं असतानाही माझा डोळा लागत नाही, हे एकट्या तुम्ही ओळखलंत. खांदे लाकडासारखे लागतात म्हणालात. मग आईला शेगडीवर ओवा-शेपा टाकायला पाठवलंत आणि पाठ चोळता चोळता विचारलंत, "पोरी, जिवाचं काही बरंवाईट करावंसं वाटतं का गं?" मी हो म्हटलं. तुमचे हात थांबले नाहीत. ते थांबले असते, तर मी पुढे काहीच बोलले नसते.

आईला वाटलं, तुम्ही दृष्ट काढायला सांगाल. तुम्ही म्हणालात, "तिसऱ्या-चौथ्या दिवशी पुष्कळजणी रडतात, पंधरवड्यात ओसरतं. हिला महिना झाला. मनाच्या डॉक्टरला दाखवा."

सयाजी हॉस्पिटलात मॅडमनी गेल्या ७ दिवसांबद्दल १० प्रश्न विचारले. एडिनबरा प्रश्नावली म्हणतात तिला, १९८७ सालची, म्हणजे माझ्याहून मोठी. शेवटचा प्रश्न तुमचाच होता! तुमच्यापाशी एकदा बोलून झालं होतं, म्हणून तिथे खोटं बोलवलं नाही. सर्ट्रालीनची, म्हणजे नैराश्यावरची, गोळी सुरू झाली. अंगावरचं दूध तोडावं लागलं नाही; आईला धास्ती होती ती त्याचीच.

तुम्ही बाळंतिणींच्या घरी जाता, म्हणून मॅडमचं सांगणं कळवते. हजारात एखाद-दुसरीला बाळंतपणानंतर भास होतात, बाळाबद्दल भलतेसलते संशय येतात. तिथे सकाळची वाट बघायची नाही, लगेच दवाखाना गाठायचा. आणि एखादीला कुणाशी बोलावंसं वाटलं, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे. पैसे पडत नाहीत, रात्रीही लागतो, गुजरातीतही बोलतात. तो तुमच्या फोनमध्ये घालून द्यायचाय. रविवारी या, जेवायलाच या.

तुमची,
दांडिया बझारातली बाळंतीण