वाचवलेले पिल्लू पुढे निसर्गात परतले का?

प्रति,
मा. संपादक,

महोदय,

थंडी पडू लागली की खारीचे, सशाचे किंवा वटवाघळाचे पिल्लू कुठेतरी सापडल्याच्या आणि कुणा सहृदय माणसाने ते घरी नेऊन वाढवल्याच्या बातम्या छायाचित्रासह छापून येतात. छायाचित्रात पिल्लू बहुधा तळहातावर उताणे पडलेले असते आणि त्याच्या तोंडाशी दुधाची बाटली धरलेली असते. ‘पिल्लाला जीवदान मिळाले’ या वाक्याशी बातमी संपते. लहान वन्य सस्तन प्राण्यांच्या शुश्रूषेचे काम करणाऱ्यांच्या दृष्टीने मात्र खरे काम त्या वाक्यानंतर सुरू होते आणि हिवाळ्यात ते महिनोन् महिने चालते. छायाचित्रात दिसणाऱ्या दोन गोष्टी, म्हणजे उताणे धरणे आणि दूध पाजणे, या तर त्या पिल्लाच्या जिवावर बेतू शकतात. म्हणून हे पत्र.

लहान प्राण्याचे शरीर लवकर थंड होते, कारण वजनाच्या मानाने त्याच्या कातडीचे क्षेत्रफळ फार मोठे असते आणि उष्णता तेथूनच निसटत असते. बहुतेक जातींच्या नवजात पिल्लाच्या अंगावर केस नसतात आणि थंडीने कुडकुडून ऊब निर्माण करण्याची क्षमताही त्याच्यात अजून आलेली नसते. खांद्यांच्या आसपास साठलेली तपकिरी चरबी जाळून ते काही काळ तग धरते. ती संपली की त्याचे तापमान भराभर उतरू लागते. अशा गारठलेल्या पिल्लाचे आतडे जवळजवळ थांबलेले असते आणि गिळण्याची क्रियाही मंदावलेली असते. त्या अवस्थेत पोटात गेलेले दूध पचत नाही, ते आत तसेच राहून आंबते आणि पोट फुगते. किंवा ते पोटात जातच नाही, श्वासनलिकेत उतरते आणि एकदोन दिवसांत न्यूमोनिया होतो. आधी कळस मग पाया म्हणतात तो प्रकार इथे अक्षरशः प्राणघातक ठरतो.

क्रम असा असावा लागतो : प्रथम ऊब, मग पाणी आणि अगदी शेवटी अन्न. खोक्याच्या अर्ध्याच भागाखाली मंद उबेची गादी किंवा कापडात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली ठेवावी, म्हणजे पिल्लाला नकोसे झाल्यास दुसऱ्या बाजूला सरकता येते. चुलीजवळ, हीटरसमोर किंवा दिव्याच्या थेट झोतात ठेवलेली पिल्ले भाजतात किंवा शुष्क होतात. ऊब पुरेशी आली आहे का, हे पाठीवरून हात फिरवून कळत नाही. पोटाची कातडी आणि तोंडाचा आतला भाग कोमट लागला, शरीराला हळूहळू तरतरी येऊन पिल्लू स्वतःहून तोंडाने शोधू लागले, म्हणजे ते तयार आहे असे समजावे. मग मानेमागची कातडी अलगद चिमटीत धरून सोडून पाहतात. ती झटकन जागेवर न बसता उभीच राहिली तर शरीरातले पाणी कमी झालेले आहे. अशा वेळी पशुवैद्याने सांगितलेले क्षारयुक्त द्रावण कोमट करून थेंबाथेंबाने द्यावे लागते. पिल्लू फारच खंगले असेल तर हे पाणी तोंडाने न देता कातडीखाली सोडतात आणि ते जाणत्यानेच करायचे काम आहे.

यानंतर दुधाचा प्रश्न येतो. गाईचे दूध कितीही पातळ केले तरी बहुतेक वन्य पिल्लांना ते सोसत नाही, जुलाब होतात, आणि ज्याचे सगळे वजनच काही ग्रॅम आहे त्याला एक दिवसाचे जुलाबही पुरतात. प्रत्येक जातीच्या आईचे दूध वेगळे असते. सशाचे दूध अतिशय घट्ट आणि स्निग्ध असते, म्हणूनच सशीण दिवसातून एकदा, फार तर दोनदा पिल्लांना पाजून निघून जाते. शुश्रूषा केंद्रांत जातीनुसार निवडलेली दुधाची भुकटी वापरतात आणि तीही पहिल्या वेळी पूर्ण ताकदीची न देता द्रावणात मिसळून टप्प्याटप्प्याने वाढवत नेतात. बाटलीऐवजी एक मिलिलिटरची सिरिंज वापरतात, कारण तिच्यातून येणारा थेंब बोटाच्या ताब्यात राहतो. पिल्लू पोटावर किंवा किंचित उभे धरतात. तान्ह्या बाळासारखे उताणे कधीच नाही. नाकपुडीतून दुधाचा बुडबुडा आला तर लगेच थांबून डोके खाली करायचे, नाक पुसायचे आणि पुढचे काही तास त्याचा श्वास ऐकत राहायचा. डोळे न उघडलेल्या पिल्लाला पाजल्यानंतर ओल्या मऊ कापसाने त्याच्या पोटाखालचा भाग हलकेच चोळून लघवी-शी करवावी लागते, कारण आई हे काम चाटून करते आणि ते पिल्लाला स्वतःहून जमत नाही. छायाचित्रात हे कधी दिसत नाही.

प्रत्येक एकटे पिल्लू अनाथ असते असेही नाही. रानससा उघड्यावर जन्मतो, केसांसकट आणि डोळे उघडे घेऊन जन्मतो आणि दिवसभर निश्चल बसून राहतो. आई संध्याकाळच्या सुमारास येऊन पाजून जाते. त्याला ‘सोडून दिलेले’ समजून उचलून आणणे म्हणजे अपहरणच होय, मग त्यामागचा हेतू कितीही चांगला असो. जखम, अंगावरच्या माश्या किंवा त्यांची अंडी, गार पडलेले शरीर किंवा जवळच मेलेली आई यांपैकी काही दिसले तरच उचलावे.

हिवाळ्याचा खरा पेच मात्र थोड्या मोठ्या पिल्लांचा असतो. खार हिवाळ्यात गाढ निद्रा घेत नाही, ती साठवणीवर आणि दाट केसांवर थंडी काढते. हेजहॉग, डॉरमाउस (उंदरासारखा एक छोटा प्राणी) आणि थंड प्रदेशांतली कीटकभक्षी वटवाघळे मात्र शीतनिद्रेत जातात आणि ती झोप चरबीवर पोसलेली असते. युरोपातला हेजहॉग, म्हणजे किडे-गोगलगायी खाणारा छोटा काटेरी प्राणी (तो साळिंदराचा नातलग नव्हे), झोपेत गेला की त्याचे शरीर सुमारे ३५ अंश सेल्सिअसवरून १० अंशांच्या किंवा त्याहूनही खाली उतरते आणि मिनिटाला सुमारे १९० ठोके देणारे हृदय २०च्या आसपास येते. तरीही वसंतात जागा होईपर्यंत त्याचे पाव ते एक तृतीयांश वजन घटलेले असते. म्हणजे शरद ऋतूत उशिरा जन्मलेल्या, पुरेशी चरबी न साठलेल्या पिल्लासाठी ही झोप मरणाचीच ठरते. किमान किती वजन हवे यावर जाणकारांत मतभेद आहेत. ४५० ते ६०० ग्रॅमच्या दरम्यानचे आकडे सांगितले जातात. माझ्या मते केवळ आकड्यावर जाऊ नये, कारण हलक्या हेजहॉगच्या फुप्फुसांत कृमी असण्याची शक्यता मोठी असते, आणि कृमींवर उपचार न करता नुसते वजन वाढवत बसणे म्हणजे गळक्या रांजणात पाणी भरणे होय.

अशा प्राण्याला थंडीत आत ठेवायचे तर एक गोष्ट फार कमी जणांना ठाऊक असते : त्याला एकतर नीट ऊब देऊन जागे ठेवावे, नाहीतर नीट गारव्यात झोपू द्यावे, अधलेमधले चालत नाही. हेजहॉगच्या शीतनिद्रेत सुमारे ४ अंश तापमानाला शक्ती सर्वांत कमी खर्च होते. त्याहून गार झाले तर गोठू नये म्हणून शरीर चरबी जाळते. बरेच उबदार झाले तर तो वारंवार जागा होतो आणि प्रत्येक जागेपणी चरबीचा मोठा हिस्सा खर्ची पडतो. घराच्या पडवीत किंवा कोठीत, ना धड ऊब ना धड गारवा अशा जागी ठेवलेला प्राणी बाहेरून शांत झोपलेला दिसतो आणि आतून झिजत असतो.

वटवाघळांचे दुखणे याच जागेपणाशी निगडित आहे. २००६ साली अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात एका गुहेत प्रथम दिसलेल्या ‘व्हाइट-नोज सिंड्रोम’ या बुरशीजन्य रोगाने उत्तर अमेरिकेत लाखो वटवाघळे मेली. बुरशी नाकावर आणि पंखांवर वाढते, झोपलेले वटवाघूळ पुन्हा पुन्हा जागे होते आणि कीटक नसलेल्या ऋतूत त्याची चरबी वसंतापूर्वीच संपते. तेव्हा गुहेत किंवा पडक्या वास्तूत टांगलेल्या वटवाघळांवर विजेऱ्यांचा झोत टाकणाऱ्या हौशी मंडळींनी आपण नेमके काय करत आहोत याचा विचार करावा. जमिनीवर पडलेल्या वटवाघळाला मात्र मदतीची गरज असते. ते उघड्या हाताने कधीही उचलू नये. जाड हातमोजे किंवा कापड वापरून हवेशीर खोक्यात ठेवावे, आणि दात लागला असल्यास जखम साबण-पाण्याने किमान १५ मिनिटे धुऊन त्याच दिवशी डॉक्टरकडे जावे, कारण रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर उपाय जवळजवळ उरत नाही.

आता ज्या भागाविषयी सर्वांत कमी लिहिले जाते तो. शरदात आलेले पिल्लू डिसेंबरपर्यंत धष्टपुष्ट होते, पण बाहेर अन्न नाही आणि रात्री गोठवणाऱ्या, म्हणून त्याला वसंतापर्यंत थांबवावे लागते. या थांबण्याच्या काळात प्राणी बिघडतो. पिल्लू एकटे असेल तर त्याला माणसाचाच लळा लागतो, आणि माणसाला न भिणारी खार बाहेर गेल्यावर कुत्र्यालाही भीत नाही. म्हणून त्याच जातीचा सोबती मिळवणे, पिंजऱ्याला पडदा लावणे, त्याच्याशी न बोलणे, पाहुण्यांना न दाखवणे, त्याचे नाव न ठेवणे हे सारे करावे लागते. नाव न ठेवण्याचा नियम नव्या स्वयंसेवकांना निष्ठुर वाटतो. मला तो प्रेमाचाच एक प्रकार वाटतो. खाण्यातही हौस नडते. नुसते शेंगदाणे आणि सूर्यफुलाच्या बिया खाणाऱ्या खारीला किंवा नुसत्या मीलवर्म अळ्या खाणाऱ्या हेजहॉगला कॅल्शियम कमी आणि फॉस्फरस अधिक मिळते, हाडे ठिसूळ होतात आणि एके दिवशी साध्या उडीने पाय मोडतो. सालीसकटच्या ताज्या फांद्या, पाने, कळ्या आणि कुरतडायला शिंग किंवा हाड ठेवले तर दात झिजतात, पोट भरते आणि वेळही जातो.

पुढे सोडण्याची तयारी. उबदार खोलीतून थेट थंड रात्रीत सोडलेला प्राणी टिकत नाही. त्याला आधी बाहेरच्या पिंजऱ्यात, कोरड्या गवताने भरलेल्या घरट्यासह, काही आठवडे राहू द्यावे लागते, म्हणजे दिवसाची लांबी आणि गारठा यांच्या अनुरोधाने केस दाट होतात. मग तो पिंजरा सोडण्याच्या ठिकाणी नेऊन दार उघडे ठेवतात आणि प्राणी परतायचा बंद होईपर्यंत तिथे अन्न ठेवत राहतात. वटवाघळाने मोठ्या पिंजऱ्यात न थकता, वळणे घेत उडून दाखवले पाहिजे; ते जमत नसेल तर त्याला सोडणे म्हणजे भुकेने मरायला पाठवणे. काही प्राणी कधीच सोडता येत नाहीत आणि तेव्हा वेदनारहित मृत्यू देण्याचा निर्णय घ्यावा लागतो. आयुष्यभर पिंजऱ्यात ठेवण्यापेक्षा तो अधिक दयाळू असू शकतो, असे माझे स्पष्ट मत आहे, जरी ते वाचकांना रुचले नाही तरी. कायदाही आड येतो. ब्रिटनमध्ये उपरी ठरलेली राखाडी खार बरी झाली तरी पुन्हा निसर्गात सोडता येत नाही. इंग्लंडमध्ये २०१९पासून त्यासाठीचे परवानेच थांबले. अनेक देशांत वन्यप्राणी परवान्याविना घरी ठेवणे गुन्हा आहे, ही गोष्ट कौतुकाच्या बातमीत सहसा नसते.

आपणास विनंती इतकीच की, अशी बातमी छापताना पिल्लू पुढे कुणाकडे सोपवले आणि ते निसर्गात परतले का, हे दोन प्रश्न वार्ताहराने विचारावेत आणि बाटलीने दूध पाजतानाचे छायाचित्र शक्यतो टाळावे. बातमीखाली चार ओळींची चौकट देता आली तर तीत एवढे असावे : पिल्लाला अंधाऱ्या, हवेशीर खोक्यात उबेला ठेवा, काही खाऊ-पिऊ घालू नका, जाणत्या केंद्राला किंवा वनविभागाला तत्काळ कळवा आणि ते नेमके कुठे सापडले ती जागा, झाडापर्यंतच्या खुणेसह, लिहून ठेवा, कारण वसंतात त्याला परत न्यायचे असते ते त्याच ठिकाणी, आणि तोवर ते आणून देणाऱ्याला ती जागा आठवत नसते.

कळावे,
आपली विश्वासू,
वन्यप्राणी शुश्रूषेचे काम करणारी एक वाचक