कुंभारआज्जी, तुमच्या मातीबद्दल

आज्जी, नमस्कार.

तुमचा नातू हे पत्र तुम्हांला वाचून दाखवील. तरी सगळ्यांसमोर लिहितेय, कारण गेल्या वर्षी आमच्या अंगणवाडीत काय घडलं ते आपल्या बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातल्या आणखी चार बायांना कळावं असं फार वाटतं.

तुम्ही यायच्या आधी आमच्याकडं सण म्हणजे पोरांना नटवायचं, ओळीनं उभं करायचं आणि फोटो काढायचा. पुठ्ठ्याचा बैल मीच कापायची, तोरण मदतनीस मावशी लावायच्या. पोरं आपली बघत बसायची. बारा वर्षं मी असंच केलं.

मग ज्येष्ठातल्या अमावास्येच्या चार दिवस आधी तुम्ही भर पावसात आलात. तळ्याची माती चाळून, मळून, ओल्या गोणपाटात गुंडाळून आणलेली. तुमचं माहेर बैलहोंगलकडचं, तिकडं ही मातीच्या बैलांची अमावास्या, मण्णेत्तिन अमावास्या. "मी शिकवत न्हाई बाई, नुसती बसतो हितं," म्हणालात आणि पोरांच्यात मांडी घालून बसलात.

घरी फक्त कानडी बोलणारा आमचा एक साडेतीन वर्षांचा मुलगा. शाळा सुरू झाल्यापासून त्यानं तोंड उघडलं नव्हतं. त्यानं मातीचा गोळा दाबला, चार बोटं खुपसली आणि तुमच्यापुढं धरला. "एत्तु," म्हणाला. तुम्ही गंभीरपणे विचारलंत, "कोंबु एल्लि?" म्हणजे शिंगं कुठायत? त्यानं मातीच्या दोन वळ्या केल्या, गोळ्यावर चिकटवल्या आणि म्हणाला, "इल्लि," म्हणजे इथं. शेजारची मुलगी लगेच ओरडली, "टीचर, बैलाला एत्तु म्हणत्यात!" त्या दिवशी मराठी पोरांना कानडीतला बैल कळला आणि त्या मुलाला बोलायला सवंगडी मिळाले.

चूक माझ्या हातून झाली. पावसात बैल वाळेनात, म्हणून मी ते शेगडीजवळ मांडले. दुसऱ्या दिवशी शिंगं गळली, पोटं तडकली, पोरं रडायला लागली. तुम्ही मला एका शब्दानं बोलला नाहीत. तडकलेली जागा आधी पाण्यानं भिजवायची, दोन्ही बाजू काडीनं खरवडायच्या, मग पातळ चिखल लावून दाबायचं. कोरड्यावर ओली माती नुसती थापली तर ती आकसते आणि पुन्हा सुटते, हे तुम्ही पोरांच्या हातूनच करवून घेतलंत. नंतर बैल सावलीत, वारा लागेल असे ठेवलेत. तीन पायांचा एक बैल होता. मी चौथा पाय लावायला हात पुढं केला, तर तुम्ही हळूच माझा हात धरलात. तो बैल तसाच पूजेला बसला.

मग वर्षभर तुम्ही येतच राहिलात. आषाढातल्या मंगळवारी गुळ्ळव्वा ही मातीची देवी, पंचमीला नागोबा, चतुर्थीला गणपती आणि त्याच्या मागोमाग जोकुमार हा कानडी मुलखातला लोकदेव. बैल धरून एकाच मातीचे पाच सण. जोकुमाराला बुट्टीत बसवून बायका गाणी म्हणत दारोदार नेतात, तशी पोरांनी त्याला कडुलिंबाच्या पाल्यात बसवून वर्गभर फिरवला. दर वेळी पूजा झाली की माती पुन्हा बादलीत भिजायची. आपला नागोबा विरघळताना बघायला पोरं बादलीभोवती उकिडवी बसायची.

ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेव्हा शिंपले, पानं, बिया, माती हेच मुलांचं साहित्य केलं. हे मी प्रशिक्षणात शिकले होते, परीक्षेत लिहिलंही होतं. वर्गात मात्र ते तुमच्यामुळं आलं. त्याचे आभार कसे मानू, आज्जी? साडी द्यायला आले तर तुम्ही घेतली नाहीत.

तीन पायांचा बैल मी विसर्जनातून वाचवून कपाटावर ठेवलाय. त्याचा मालक आता पहिलीत गेला, पण येता-जाता खिडकीतून बघून जातो. यंदा गोणपाट डोक्यावरनं आणू नका. अमावास्येच्या चार दिवस आधी मी रिक्षा पाठवते, नातवालाही घेऊन या.

तुमची,
अंगणवाडीची टीचर