मोजलेल्या वेळेत न मावणारं काम

प्रिय मित्रा,

तुझं पत्र वाचल्यापासून डोक्यात तेच घोळतंय. प्रत्येकाने अर्ध्या-अर्ध्या तासाचा हिशेब टाइमशीटमध्ये भरायचा आणि वर नव्या कल्पनाही आणायच्या, असं तुमच्या वरिष्ठांचं म्हणणं. या दोन गोष्टी एकत्र नांदत नाहीत, याची मला खात्री आहे.

थ्रीएम या अमेरिकी कंपनीत स्पेन्सर सिल्व्हर या संशोधकाच्या हाती १९६८ मध्ये एक अजब डिंक लागला. चिकटायचा, पण अलगद सुटायचा. शोध चालला होता मजबूत डिंकाचा, त्यामुळे याचं करायचं काय हे कुणालाच कळेना. सिल्व्हर मात्र वर्षानुवर्षं सहकाऱ्यांना तो दाखवत राहिले. १९७४ मध्ये त्यांचे सहकारी आर्ट फ्राय यांच्या प्रार्थनागीतांच्या पुस्तकातली खुणेची चिठ्ठी सारखी गळून पडायची, तेव्हा त्यांना तो डिंक आठवला. त्यातूनच झालेलं पोस्ट-इट, म्हणजे चिकटवून अलगद काढता येणाऱ्या चिठ्ठ्या, अमेरिकाभर विकायला आलं १९८० मध्ये. बारा वर्षं! दर तिमाहीला निकाल मागणाऱ्या ठिकाणी हा डिंक पहिल्याच आढाव्यात बाद झाला असता. थ्रीएममध्ये कामाचा पंधरा टक्के वेळ स्वतःच्या कल्पनेवर घालवायची मुभा होती, आणि मुख्य म्हणजे त्या वेळेचा जाब कुणी विचारत नसे.

पुढे त्याच कंपनीत प्रमुख म्हणून आलेल्या जेम्स मॅकनर्नी यांनी सिक्स सिग्मा ही काटेकोर मोजमापाची पद्धत आणली. कारखान्यात चुका कमी करायला ती पद्धत उत्तमच. पण संशोधनालाही तीच फूटपट्टी लागली, आणि २००५ च्या अखेरीस त्यांच्या जागी आलेल्या जॉर्ज बकली यांना प्रयोगशाळेपुरती ती सैल करावी लागली.

डेडलाइन नकोच, असं मात्र मी म्हणत नाही. कल्पकतेच्या अभ्यासक टेरेसा अमाबिले यांच्या संशोधनात घाईच्या दिवशी कल्पकता सहसा घटलेली दिसली. पण काम महत्त्वाचं वाटत असेल आणि मध्येमध्ये कुणी तोडत नसेल, तर घाईतही माणसांना सुचत होतं. म्हणजे खरा घात होतो तो दिवसाचे तुकडे पडल्याने. चार मीटिंगांच्या फटीत उरलेला तास कागदावर तासच दिसतो, पण अवघड प्रश्नात डोकं शिरेपर्यंत तो संपलेला असतो.

टाइमशीट रद्द करणं तुझ्या हातात नाही, ठाऊक आहे. पण मीटिंगा कधी ठेवायच्या हे तूच ठरवतोस ना? मग आठवड्यातले दोन दिवस दुपारपर्यंत मोकळे ठेव आणि टाइमशीटमध्ये त्यासाठी एकच रकाना माग: 'शोध'. त्यात काय केलं, हे सहा महिने कुणालाही विचारू नकोस. वरिष्ठ काय म्हणतात ते कळव.

तुझाच,
जुना मित्र