थायरॉइडच्या गाठीचे निदान गावागणिक बदलू नये: वैद्यकीय शिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय, स.न.वि.वि.

थायरॉइडची गाठ एकच, स्लाइडही त्याच. एक पॅथॉलॉजिस्ट लिहितो फॉलिक्युलर अ‍ॅडेनोमा, म्हणजे साधी गाठ; दुसरा लिहितो कॅन्सर. पहिल्या रिपोर्टवर अर्धी ग्रंथी काढून भागते. दुसऱ्यावर उरलेली अर्धीही निघू शकते, मग जन्मभर थायरॉक्सिनची गोळी आणि कधी रेडिओआयोडीनसाठी, म्हणजे किरणोत्सारी आयोडीनच्या उपचारासाठी, मोठ्या शहराच्या खेपा. सेनगाव किंवा भूमच्या पेशंटचे घर यात वर्षभर ओढले जाते.

हा मतभेद हलगर्जीपणा समजून कुणाला नोटीस काढू नये, ही पहिली विनंती. कवचबंद फॉलिक्युलर गाठींवर जगातल्या नामांकित तज्ज्ञांचेही एकमत होत नाही. 2016 मध्ये तर कवचाबाहेर न पडणाऱ्या एका प्रकाराच्या नावातून कॅन्सर हा शब्दच वगळला गेला. त्याला आता निफ्टप म्हणतात. त्यासाठी पेशींच्या केंद्रकांना गुण देतात: आकार, केंद्रकाच्या पडद्याच्या घड्या आणि आतले निवळ दिसणारे क्रोमॅटिन (केंद्रकातले जनुकद्रव्य), प्रत्येकी शून्य किंवा एक. दोन-तीन गुण भरले की निफ्टपचा विचार. पण एखादी पुसट घडी गुण देण्याइतकी आहे का, इथे दोन जाणकारांचे मत वेगळे पडतेच.

बाकीचा बराच गोंधळ मात्र स्लाइड मायक्रोस्कोपखाली येण्याआधीच झालेला असतो, आणि तो शासनाला थांबवता येतो.

ऑपरेशन थिएटरमध्ये कधी कधी ताजी गाठ चिरून पाहिली जाते. कवच आक्रसते, आतला मऊ भाग फुगून बाहेर येतो आणि स्लाइडवर गाठीने कवच फोडल्याचा भास होतो. मग ती अरुंद तोंडाच्या बाटलीत कोंबली जाते. गाठ टिकवणारे द्रावण, फॉर्मालिन, गाठीच्या किमान दहापट हवे, म्हणजे 40 ग्रॅमच्या गाठीला 400 मिली. ते तासाला जेमतेम एक मिलिमीटर आत शिरते. मे महिन्यातल्या उन्हात तालुक्याहून येईपर्यंत गाठीचा गाभा खराब होऊ लागतो आणि ज्या घड्या मोजायच्या त्याच पुसून जातात. शिवाय फॉर्मालिन बफर केलेले, म्हणजे आम्ल होऊ नये म्हणून क्षार घातलेले, हवे. लिटरभरासाठी बाजारातले फॉर्मालिन 100 मिली, डिस्टिल्ड वॉटर 900 मिली, सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट 4 ग्रॅम आणि डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट 6.5 ग्रॅम. नुसते नळाचे पाणी घातले तर ते आम्लधर्मी होते आणि स्लाइडभर तपकिरी कण पसरतात.

यानंतर ग्रॉसिंग, म्हणजे गाठ कापून तपासणीसाठी तुकडे निवडणे. फॉलिक्युलर गाठ कॅन्सरची आहे का, हे तिच्या काठावर ठरते: पेशींनी कवच आरपार भेदले का, कवचातल्या किंवा त्याबाहेरच्या रक्तवाहिनीत त्या शिरल्या का. सुईच्या तपासणीत, एफएनएसीत, हे कळतच नाही. म्हणून काठ पूर्ण तपासावा लागतो. तीन सेंटिमीटरच्या गाठीला त्यासाठी दहा-पंधरा ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेले तुकडे, सहज लागतात. जिथे कॅसेट (तुकडे ठेवायच्या छोट्या डब्या) मोजून मिळतात तिथे तीन-चारांवर भागवले जाते आणि भेदलेली जागा बरणीतच राहते. मग स्लाइड मुंबईला पाठवून काय होणार? जे कापलेच नाही ते तिथल्या तज्ज्ञालाही दिसणार नाही.

आमची मागणी फार खर्चाची नाही. मराठवाड्यातल्या सर्व शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांना रुंद तोंडाच्या बरण्या, बफर आणि पुरेशा कॅसेट द्या. ‘गाठ थिएटरमध्ये चिरू नये’ ही ओळ सर्जरी विभागांना लेखी कळवा. रिपोर्टमध्ये किती ब्लॉक घेतले, काठ पूर्ण पाहिला की अर्धवट, हे लिहिणे बंधनकारक करा. कवचबंद गाठीला कॅन्सर म्हणण्याआधी दुसऱ्या महाविद्यालयातल्या पॅथॉलॉजिस्टची सही हवी. अंबाजोगाईच्या स्लाइड लातूरने पाहाव्यात, नांदेडच्या छत्रपती संभाजीनगरने.

दर तीन महिन्यांनी त्याच स्लाइड सगळ्यांत फिरवून जुळणी मोजावी, मात्र नुसत्या टक्क्यांवर जाऊ नये. 100 गाठींत दोघांनीही 80 साध्या ठरवल्या आणि 84 ठिकाणी मत जुळले, तर ऐकायला छान वाटते. पण त्यातली 68 टक्के जुळणी निव्वळ योगायोगानेही झाली असती. तो भाग वजा करून काढलेला जुळणीचा निर्देशांक, ‘कप्पा’ (kappa), 0.5 येतो, म्हणजे मध्यमच. आकडे नावांशिवाय ठेवावेत, नाहीतर कुणी खरे मत लिहिणार नाही.

बरण्यांची खरेदी तेवढी उन्हाळ्याआधी व्हावी.

आपले,
मराठवाड्यातील पॅथॉलॉजिस्ट