‘परवानगीसह प्लॉट’ म्हणजे नेमके काय?

संपादक महोदय,

स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूजजवळ, गोल्फच्या पंढरीत, प्लॉट घेऊ पाहणाऱ्या गोमंतकीयांनी ‘परवानगीसह’ या शब्दावर भाळू नये. ही परवानगी बऱ्याचदा तत्त्वतःच असते. आराखडा, पोहोचरस्ता, सांडपाणी यांची मंजुरी पुढे घ्यावीच लागते. बिल्डिंग वॉरंट, म्हणजे बांधकाम नियमांनुसारची मंजुरी, आणखी निराळे. ते हाती येईपर्यंत काम सुरू करता येत नाही. गावाबाहेर गटार नसेल तर सेप्टिक टँक आला. चिकणमातीत त्याचे पाणी मुरत नाही, म्हणून सौद्याआधीच खड्डा खणून झिरप चाचणी करवून घ्यावी. विक्रेता नाही म्हणाला, तर समजून जावे. दोन्ही बाजूंच्या वकिलांची पत्रे जुळली की सौदा पक्का, माघार नाही. भारतातून परदेशी पैसे पाठवण्याची मर्यादा माणशी आर्थिक वर्षाला २,५०,००० डॉलर. १० लाख रुपयांवरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस (आगाऊ कापलेला कर) घेते, तो प्राप्तिकर विवरणपत्रात वळता होतो.

– एक वाचक, मडगाव