‘इलारियो’ नाव ठेवताना

महोदय,

मुलासाठी वेगळे नाव शोधणाऱ्या नाशिककर पालकांनी इटालियन ‘इलारियो’चा जरूर विचार करावा. मूळ लॅटिन ‘हिलारिस’, म्हणजे आनंदी. चौथ्या शतकातले, फ्रान्समधल्या प्वातिए शहराचे बिशप संत हिलारी यांचेही हेच नाव. त्यांचा स्मृतिदिन १३ जानेवारी. इटलीत मुलींचे ‘इलारिया’ सर्रास आढळते, मुलांचे मात्र क्वचितच.

इटालियनमध्ये ‘ह’ उच्चारत नाहीत, म्हणून स्पेलिंग ‘आय’पासून, आधी ‘एच’ लावला की ते स्पॅनिश होते. जन्मदाखल्यावर गफलत होते ती नेमकी इथेच, आणि मग शाळा, पासपोर्ट सगळीकडे तीच उतरते. जन्मनोंद २१ दिवसांत करावी. नाव मात्र १२ महिन्यांपर्यंत विनाशुल्क घालता येते. तेव्हा घाई नको, मराठी-इंग्रजी दोन्ही अक्षरे तपासूनच अर्जावर सही करावी.

— एक वाचक, नाशिक