छकुलीच्या झोपेविषयी आईस पत्र

तीर्थरूप आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तू दोन प्रश्न विचारलेस आणि माझे डोळे मिटत असल्याने मी दोन्हींची उत्तरे अर्धवट दिली. पोट भरत नाही म्हणून छकुली रात्री उठते का, आणि तिला पालथी निजवून का पाहत नाही, असे तुझे म्हणणे होते. आत्ता ती झोपली आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

सुरुवातीला ती दिवसाचे १६ तास झोपे, पण तेही दोन-तीन तासांच्या तुकड्यांनी. रात्र आणि दिवस तिला सारखेच होते, कारण झोपेची वेळ शरीराला कळवणारे मेलाटोनिन ठरावीक लयीने तयार होऊ लागायला साधारण तिसरा महिना यावा लागतो. तो आला, ती सलग पाच तास झोपू लागली, आणि आम्ही उगाचच सर्वांना कौतुकाने सांगत सुटलो. चौथा महिना संपता संपता तीच मुलगी तासातासाला उठू लागली.

भुकेची शंका आम्हालाही आली होती. परंतु तिचे वजन नीट वाढते आहे आणि लंगोटही नेहमीइतकेच ओले होतात, हे पाहून डॉक्टरांनी ती शंका बाजूला ठेवली. त्यांनी जे समजावले ते मला पटले. नवजात बाळाची जवळजवळ अर्धी झोप चळवळी, म्हणजे हातपाय हलवत घेतलेली हलकी झोप, असते आणि बाळ डोळे मिटताच थेट त्याच झोपेत शिरते. तीन-चार महिन्यांच्या सुमारास ही घडण बदलते, म्हणजे मोठ्या माणसांप्रमाणे आधी शांत, गाढ झोप आणि मग हलकी झोप अशी आवर्तने सुरू होतात. आपले एक आवर्तन सुमारे दीड तासाचे असते, तर तिचे तासाभरातच पुरे होते. प्रत्येक आवर्तनाच्या शेवटी आपणही किंचित जागे होतो, पण कूस बदलून पुन्हा झोपतो आणि सकाळी ते आठवतही नाही. ती मात्र माझ्या मांडीवर झोपलेली असते आणि जागी होते ती पलंगडीत. झोपताना असलेली मांडी कुठे गेली, हे विचारण्यासाठीच ती रडते, असे मला आता वाटते.

म्हणून आम्ही तिला पूर्ण झोपू न देता, पेंगुळलेली असतानाच खाली ठेवू लागलो. पहिले चार दिवस फार जड गेले. त्याच दिवसांत एका वहीत तिच्या झोपेच्या वेळा टिपताना आमची स्वतःची चूक ध्यानात आली. हलक्या झोपेत ती कण्हते, हातपाय झाडते, तोंड वाकडे करते, आणि आम्ही धावत जाऊन उचलत असू. डोळे मिटलेलेच असत, म्हणजे झोपलेल्या मुलीला आम्हीच जागे करत होतो! आता दोन मिनिटे नुसते पाहत उभे राहतो आणि पुष्कळदा ती आपोआप शांत होते. रात्री दूध पाजताना दिवा मंद ठेवते आणि बोलत नाही. जागरणाची वाटणीही केली आहे, रात्री दोनपर्यंत तुझे जावई, नंतर मी. त्यामुळे दोघांनाही काही तास सलग झोप मिळते.

राहिला पालथे निजवण्याचा प्रश्न. आम्हा भावंडांना तू तसेच वाढवलेस, हे मी विसरलेले नाही, आणि पालथे बाळ अधिक गाढ झोपते हे तुझे निरीक्षणही खरेच आहे. पण धोका त्या गाढपणातच आहे, कारण श्वास अडखळला तर असे बाळ सहज जागे होत नाही. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९९२ साली बाळांना पालथे न निजवण्याची शिफारस केली आणि पुढच्या दहा वर्षांत तिथे झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. म्हणून ती उताणीच झोपते, सपाट व घट्ट गादीवर, उशी आणि पांघरुणाशिवाय. तू पाठवलेली मऊ दुलई आम्ही ती जागी असताना जमिनीवर अंथरतो. रागावू नकोस.

काल ती तीनदा उठली, परवा दोनदा. सातव्या-आठव्या महिन्यानंतर, आई दिसेनाशी झाली की घाबरण्याचे वय येईल, तेव्हा हे पुन्हा बिघडेल, अशी कल्पना डॉक्टरांनी देऊन ठेवली आहे.

एक विनंती आहे. फोन तिच्या निजण्याच्या वेळेआधी निदान दीड तास करत जा, कारण पडद्यावर तुझा चेहरा दिसला की ती इतकी खुलते की नंतर बराच वेळ पापणीला पापणी लावत नाही. बाबांना माझा नमस्कार सांग.

तुझी,
सौ. ताई